नेव्हिल डिसूझा : आसगावचे सेंटर फॉरवर्ड

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिक पार्क मैदानावर भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्या चारपैकी तीन गोल एकाच खेळाडूचे होते. त्यांचे नाव नेव्हिल डिसूझा. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. आमच्या हाउसमधल्या कोणालाही मेस्सीचे गोल विचारा, तो झोपेतून उठून सांगेल. डिसूझांचे नाव मी विचारले तेव्हा मात्र सगळे एकमेकांकडे पाहू लागले. म्हणून या अंकाच्या मराठी पानासाठी मी त्यांचे चरित्र लिहायला घेतले.

त्यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या आसगावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. गोव्यातली माणसे पोटापाण्यासाठी मुंबई गाठत. कोणी बोटीवर, कोणी बँडमध्ये, कोणी कचेरीत लागे. धोबीतलावच्या बाजूला गावोगावच्या लोकांच्या 'कुडी' असत. कूड म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. फुटबॉल या माणसांच्या अंगातच होता. डिसूझा यांची कारकीर्दही मुंबईतच घडली. ते टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत. त्या काळी आजच्यासारखे लिलाव आणि करार नव्हते. चांगल्या खेळाडूला एखादी कंपनी, रेल्वे किंवा पोलीस खाते नोकरी देई, आणि तो त्यांच्या संघातून खेळे. मुंबईत हार्वुड लीग चाले आणि मोठे सामने कूपरेज मैदानावर होत.

१९५४-५५ च्या हंगामात मुंबईने पहिल्यांदाच संतोष ट्रॉफी जिंकली. त्या संघात डिसूझा होते. अंतिम सामन्यात मुंबईने हरवले ते सेनादलाच्या संघाला. आपल्या शाळेत हे वाचताना काही जणांना जरा झोंबेल, पण घडले ते असे.

आता थोडे मागे जातो, कारण त्याशिवाय मेलबर्नची किंमत कळत नाही. माझे घर बंगळुरूच्या राजाजीनगरात आहे. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि मैदानावर जी तोंडाला येईल ती भाषा. सुट्टीत तिथल्या मुलांशी खेळताना मी नेहमी ऐकत आलो की बंगळुरूचा फुटबॉल म्हणजे सुनील छेत्री. मी वाचू लागलो तेव्हा कळले की गोष्ट बरीच जुनी आहे. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध स्वतंत्र भारताचा पहिला गोल केला तो बंगळुरूच्या सारंगपाणी रामन यांनी. आपण तो सामना १-२ असा हरलो, आणि त्यात दोन पेनल्टी वाया घालवल्या. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. चार वर्षांनी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुतले. तो एकमेव गोल अहमद खान यांचा, तेही बंगळुरूचेच. हेलसिंकीच्या थंडीत अनवाणी पायांचे काय झाले असेल याची कल्पना, सकाळच्या पी.टी.ला गवतावर एकदा बूट काढून उभे राहिलात तर येईल. त्या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

१९५६ चा संघ घडवला प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी. हैदराबादचे रहीम मुळात शाळामास्तर. कर्णधार होते समर बॅनर्जी, बद्रू या नावाने ओळखले जाणारे. उजव्या बाजूला वीस वर्षांचे पी. के. बॅनर्जी, गोलात पीटर थंगराज आणि एस. एस. नारायण, मधल्या फळीत केंपय्या, अब्दुस सलाम, नूर मोहम्मद. मी स्वतः हाफबॅक खेळतो, त्यामुळे या तिघांबद्दल मला जास्त आपुलकी आहे. गोल करणाऱ्याचे नाव छापून येते, त्याच्यापर्यंत चेंडू पोचवणाऱ्यांचे बहुधा येत नाही. पण हे पान डिसूझा यांचे आहे.

पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. त्याच हिवाळ्यात बुडापेस्टच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे उतरले होते आणि हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेत उतरला नाही. भारताला पुढे चाल मिळाली. काही जण म्हणतात की म्हणूनच भारत इतका पुढे गेला, हंगेरी असती तर संपलेच होते. असेल. पण पुढची फेरी काही कोणी बक्षीस दिली नव्हती.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध नवव्या मिनिटाला डिसूझांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला डिसूझांचा दुसरा, एकेचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा बरोबरी. म्हणजे दोनदा आघाडी घेऊन दोनदा गमावली, आणि मध्यंतराला २-२. इथे संघ खचतात, हे आपण आंतरहाउस सामन्यांत पाहतोच. पन्नासाव्या मिनिटाला डिसूझांनी तिसरा गोल केला. ऐंशीव्या मिनिटाला जे. कृष्णस्वामी, म्हणजे किट्टू, यांनी चौथा घातला. भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचला, आणि आशियातला कोणताही संघ त्याआधी तिथवर गेला नव्हता.

उपांत्य फेरीत समोर कोण? तोच युगोस्लाव्हिया. ४ डिसेंबरचा सामना. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल घातले, त्यांना भारताने मध्यंतरापर्यंत एकही गोल करू दिला नाही. बावन्नाव्या मिनिटाला डिसूझांनी गोल केला आणि भारत १-० ने पुढे गेला. ही आघाडी फक्त दोन मिनिटे टिकली. चौपन्नाव्या मिनिटाला बरोबरी झाली, सत्तावन्नाव्याला युगोस्लाव्हिया पुढे गेला आणि शेवटी आपण १-४ असे हरलो. मला विचाराल तर हॅटट्रिकपेक्षा हा एक गोल मोठा आहे. १०-१ हा आकडा मनात घेऊन मैदानात उतरणे, आणि त्याच संघाविरुद्ध आघाडी घेणे, हे सोपे काम नाही.

कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला ३-० असे हरवले. भारत चौथा आला आणि पदक हुकले. चार गोलांसह डिसूझा स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत होते. बाकीचे दोघे युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव्ह. काही दिवसांनी सिडनीला ऑस्ट्रेलियाशी मैत्रीचा सामना झाला. तो भारताने ७-१ असा जिंकला. मेलबर्नचा विजय नशिबाचा होता असे म्हणणाऱ्यांना मी हा आकडा दाखवतो.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. भारताचा पोशाख घालून डिसूझा मेलबर्नला खेळले तेव्हा त्यांचे जन्मगाव भारतात नव्हते. आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या होत्या. त्यानंतर सीमा बंद झाली आणि मुंबईतल्या गोवेकरांना गावी जाणे कठीण होऊन बसले. डिसूझा यांना याबद्दल काय वाटत होते ते मी सांगू शकत नाही, आणि त्यांच्या तोंडी काही घालणारही नाही. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या सैन्याने 'ऑपरेशन विजय' हाती घेतले आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. हा धडा आपण इतिहासाच्या तासाला शिकतो. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ४ सप्टेंबर १९६२ रोजी, भारताने जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदक घेतले. प्रशिक्षक पुन्हा रहीमच. त्या संघात गोव्यात जन्मलेले हाफबॅक फॉर्च्युनाटो फ्रँको होते.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. फुटबॉलमधला पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जी यांना मिळाला, आणि तो योग्यच होता. पुढे चुनी गोस्वामी, बलराम, थंगराज यांनाही मिळाला. नेव्हिल डिसूझा यांचे नाव त्या यादीत नाही. मला हे खटकते. १६ मार्च १९८० रोजी ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्रच ठरलेला नाही, त्यामुळे भारताची ऑलिंपिकमधली हॅटट्रिक आजही तेवढी एकच आहे.

आपल्या शाळेत गोवा, बेळगाव, मुंबईहून आलेले बरेच कॅडेट आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या आजोबांनी कूपरेजवर डिसूझांचा खेळ पाहिला असेल, तर सुट्टीत त्यांना जरूर विचारा आणि मला येऊन सांगा. पुढच्या अंकात आपण ते छापू.