राजा दीनदयाळ आणि माझी चौकट

दहावीत असताना आमची नेत्रतपासणी झाली. रंगीत ठिपक्यांची चित्रे एकामागून एक समोर धरली जात होती. माझ्या पुढच्या मुलाने प्रत्येक चित्रातला आकडा धडाधड वाचला. माझी पाळी आली तेव्हा काही चित्रांत मला नुसते ठिपके दिसले. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले की हा आजार नाही, लाल-हिरव्यातला फरक ओळखण्यात जन्मजात उणीव आहे. रोजच्या जगण्यात काही अडणार नाही, पण वैमानिक होण्याचा विचार मात्र सोडावा लागेल.

सहावीपासून माझ्या कपाटाच्या दाराला आतून एका लढाऊ विमानाचे चित्र चिकटवलेले होते. त्या रात्री मी ते काढून वहीत ठेवले. आईला फोनवर सांगितले. बाबा तेव्हा सीमेवर होते; त्यांना सांगण्याचे धैर्य झाले नाही.

फोटोग्राफी क्लब मी आवडीने निवडला, असे म्हणणे खोटे ठरेल. एरोमॉडेलिंगमधून नाव काढून घेतले आणि जिथे जागा शिल्लक होती तिथे गेलो, इतकेच. त्या वर्षी वार्षिक संचलनाचे फोटो काढायचे काम माझ्याकडे आले. मी जवळपास दोनशे फोटो काढले आणि त्यांतला एकही मासिकात छापण्याजोगा निघाला नाही. कुठे परेड कमांडरच्या टोपीतून ध्वजस्तंभ उगवलेला, कुठे पहिल्या रांगेचे बूट कापलेले, कुठे अख्खे मैदान एका बाजूला कललेले. अर्ध्याहून अधिक फोटोंत वर रिकामे आभाळ आणि खाली मुंग्यांएवढे कॅडेट.

आमच्या कलाशिक्षकांनी ते फोटो टेबलावर मांडले आणि काही न बोलता सगळे उलटे फिरवले. पाय वर, डोके खाली. मग त्यांनी विचारले की आता काय दिसते? आता मला माझे मित्र दिसत नव्हते. पांढऱ्या आणि काळ्या आकारांचे ढीग दिसत होते, आणि ते कुठे नीट बसलेले नाहीत हेही लगेच दिसत होते. सर म्हणाले की एका माणसाने आयुष्यभर जग असेच उलटे पाहिले आणि त्यातून भारतातली उत्तमोत्तम छायाचित्रे घडवली. ग्रंथालयात त्यांच्या छायाचित्रांचे एक मोठे पुस्तक आहे, ते आधी पाहून ये. ते पुस्तक राजा दीनदयाळ यांचे होते.

मित्रांनो, दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. घराणे जवाहिऱ्यांचे. दीनदयाळ मात्र गेले रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आयआयटी रुडकीत. तिथे ते मोजणी आणि आरेखन शिकले. १८६६ मध्ये शिक्षण संपवून ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. खर्चाचे अंदाज काढणे आणि नकाशे आखणे हे त्यांचे काम होते.

कॅमेरा त्यांच्या हाती आला तो १८७४ च्या सुमारास, वयाच्या तिशीत. हे वाचून मला पहिला धीर आला. तोवर माझी समजूत अशी होती की असे लोक लहानपणापासूनच कलावंत असतात. दीनदयाळ फूटपट्टी, कंपास आणि लंबक हाताळणारे सरकारी नोकर होते. त्यांची चौकट घडली ती या हत्यारांतून. इमारतीचा दर्शनी आराखडा काढणाऱ्याला समोर उभे राहण्याची अचूक जागा ठाऊक असते. खांब सरळ उभे हवेत, जमीन आडवी हवी, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. बांधकामाची खोली दाखवायची असेल तर तो कोपऱ्याकडे सरकतो, म्हणजे दोन भिंती दोन दिशांना मागे जाताना दिसतात. रचनेचे पहिले दोन धडे मी असे शिकलो: क्षितिज सरळ ठेवा, आणि बटण दाबण्याआधी उभे राहण्याची जागा शोधा.

त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे लहानशी मोहीमच असे. सुरुवातीच्या पद्धतीत काचेच्या पट्टीवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि थर सुकण्याआधी अंधाऱ्या तंबूत धावत जाऊन ती धुवायची. लाकडी कॅमेरा, तिपाई, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी, तंबू हा सगळा पसारा बरोबर घेऊन हिंडावे लागे. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन मागच्या दुधी काचेत पाही, तेव्हा त्याला समोरचे दृश्य उलटे दिसे. वरचे खाली आणि डावीकडचे उजवीकडे. छाप काचेला कागद भिडवून काढला जाई, म्हणून काच जेवढी, चित्रही तेवढेच. नंतर मोठे करून सावरू, ही सोयही नव्हती. चौकटीच्या चारही कडा आधीच पाहून घ्याव्या लागत. दोनशे फोटो काढून एकही न साधणाऱ्या मुलाने हे वाचले की त्याला आपल्या बोटाची लाज वाटते.

इंदूरला त्यांना दोघांचे पाठबळ मिळाले. एक महाराज तुकोजीराव होळकर दुसरे, आणि दुसरे मध्य भारतातील ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डॅली. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज भारतात आले तेव्हा दीनदयाळांनी त्यांचीही छायाचित्रे घेतली. पुढे डॅली यांच्यानंतरचे अधिकारी सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात फिरले. ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा, सांची येथील वास्तू त्यांनी टिपल्या. ग्रिफिन यांचा मध्य भारतातील प्रसिद्ध स्मारकांवरचा ग्रंथ १८८६ मध्ये निघाला, त्यात दीनदयाळांची ८६ छायाचित्रे आहेत.

त्या वास्तूंची चित्रे मी दिवसचे दिवस पाहिली. कोरीव भिंतीवर प्रकाश बाजूने आला की प्रत्येक मूर्तीला तिची सावली मिळते आणि दगड उठून दिसतो. तोच प्रकाश समोरून आला की भिंत सपाट होते. अनेक चित्रांत पायरीशी किंवा दारात एखादा माणूस उभा आहे. आधी मला वाटले की तो चुकून आला असावा. मग लक्षात आले की तोच तर मोजपट्टी आहे. त्याच्यामुळे दरवाजा किती उंच ते कळते.

याच सुमारास एनसीसीच्या तासाला आमच्या हवालदार उस्तादांनी फील्डक्राफ्टचा धडा घेतला. वस्तू का दिसतात याची कारणे आपण सगळ्यांनी पाठ केली आहेत: आकार, चमक, सावली, आकाशरेषेवरची आकृती, पृष्ठभाग, अंतर आणि हालचाल. शत्रूला दिसायचे नसेल तर ही कारणे मोडायची, हा तो धडा. मी वहीत ती यादी लिहिली आणि थबकलो. लपण्यासाठी जे मोडायचे, तेच दाखवण्यासाठी जोडायचे! पृष्ठभाग सोडला तर त्या यादीत रंगाचा संबंध कुठेच नव्हता. आणि दीनदयाळांच्या चित्रांत तर रंग मुळीच नव्हता. प्रकाश, सावली, आकार आणि त्यांच्यामधली मोकळी जागा एवढ्यावरच त्यांनी सगळे उभे केले. माझ्या डोळ्यांना हे सर्व दिसत होते. त्या संध्याकाळी, नेत्रतपासणीनंतर प्रथमच, मी प्रेप संपल्यावर कुणाशीही न भांडता झोपलो.

दीनदयाळांनी पुढे सरकारी नोकरी सोडली. हा निर्णय सोपा नव्हता. निवृत्तिवेतनाची खात्री असलेली जागा सोडून काच आणि रसायनांच्या भरवशावर संसार चालवायचा होता. १८८५ च्या सुमारास ते हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. व्हाइसरॉयकडूनही त्यांना छायाचित्रकार म्हणून नेमणूक मिळाली. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. निजामांनी त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार आणि जंग म्हणजे युद्ध. चित्रकाराला मिळालेला हा लढवय्या किताब आपल्यासारख्यांना आवडावा असाच आहे. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाकडूनही त्यांना शाही छायाचित्रकाराचा मान मिळाला.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. १८८५-८६ च्या हिवाळ्यात उत्तर भारतात सैन्याचे मोठे युद्धसराव झाले, त्यांची छायाचित्रे दीनदयाळांनी घेतली. तोवर कोरड्या काचा आल्या होत्या, त्यामुळे काम झपाट्याने करता येऊ लागले होते. पण हलणारे सैन्य चौकटीत बसवायचे तर जागा आधी हेरावी लागते. घोडदळ कुठून येणार, धूळ कुणीकडे उडणार, सूर्य कुठे असेल, हे आधी ताडावे लागते. हे शिकल्यावर मी संचलनाच्या आदल्या दिवशी मैदानाचा नकाशा काढू लागलो. कोणत्या क्षणी तुकडी वळते आणि तिच्या रांगा तिरक्या रेषेत कॅमेऱ्याकडे येतात, ती जागा चुन्याने नव्हे, पण मनात आखून ठेवू लागलो.

दरबारात त्यांनी निजामांच्या शिकारी, मेजवान्या आणि फलकनुमा महालाचे देखणे अंतर्भाग टिपले. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि लेडी कर्झन यांचे वारंगळ भागातले शिकारीचे चित्र त्यांचेच. दोघे उभे, पुढ्यात मारलेला वाघ. चित्र पाहताना नजर त्या दोघांवरून वाघावर उतरते आणि पुन्हा वर जाते. ती बाहेर निसटत नाही. वाघासाठी मात्र वाईट वाटते.

परदानशीन स्त्रियांना पुरुष छायाचित्रकारासमोर बसता येत नसे. म्हणून १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि तो चालवण्यासाठी एका इंग्रज बाईंना नेमले. निजामांच्या राज्यातल्या दुष्काळी कामांवरचे लोकही त्यांच्या काचेवर उतरले. ती चित्रे पाहताना माझे पान पुढे उलटेना. ज्या कॅमेऱ्याने महालातले झुंबर टिपले त्याच कॅमेऱ्याने उपाशी माणूस टिपला होता, आणि तितक्याच काळजीने.

शेवटची वर्षे त्यांना जड गेली. १९०४ मध्ये धाकटा मुलगा धरमचंद वारला आणि १९०५ मध्ये स्वतः दीनदयाळही गेले. थोरले ज्ञानचंद यांनी व्यवसाय पुढे चालवला. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचपट्ट्या १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या आणि आज त्या तिथे जतन केलेल्या आहेत. काचेसारखी फुटणारी वस्तू शंभर वर्षांहून अधिक काळ टिकते, ती कुणीतरी सांभाळते म्हणून.

आता माझ्याविषयी थोडे. बारावीच्या सुरुवातीला बाबा सुट्टीवर आले आणि थेट शाळेत मला भेटायला आले. आईने त्यांना केव्हाच सांगितले होते, हे मला तेव्हा कळले. ते त्याविषयी काहीच बोलले नाहीत. मी त्यांना माझे काळे-पांढरे फोटो दाखवले. एका फोटोपाशी ते थांबले. तो आमच्या मेसच्या भटारखान्यातला होता. पहाटे साडेचारला, खिडकीतून तिरपा उजेड येत असताना, चार मेस कर्मचारी कणकेच्या परातीभोवती वाकलेले. मी शाळेत आल्यापासून त्यांच्या हातचे खात आलो, पण मासिकाच्या एकाही समूहछायाचित्रात ते नव्हते. तो फोटो काढण्याआधी मी तीन पहाटे नुसता कोपऱ्यात उभा राहून उजेड कुठून येतो ते पाहिले होते.

बाबांनी विचारले की हे कसे साधले? मी त्यांच्या हातातला फोटो घेऊन उलटा फिरवला आणि पुन्हा त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले की टेहळणीला बसलेला जवानही असाच पाहतो, ओळखीचे विसरून. आणि लष्कराला वैमानिकांखेरीज इतरही माणसे लागतात, हेही त्यांनी जाता जाता सांगितले.

वहीतले विमानाचे चित्र मी अजून फेकलेले नाही. परवा ते उलटे धरून पाहिले. रचना छान आहे. विमान उजवीकडे झेपावते आहे आणि त्याच्या पुढ्यात मोकळे आभाळ सोडलेले आहे. हे मी सहावीत असताना माझ्या लक्षात आले नव्हते.

ज्या कॅडेटच्या हाती पुढच्या वर्षी क्लबचा कॅमेरा येईल, त्याला एवढेच सांगणे: आधी ग्रंथालयात जा. ते जाड पुस्तक खालच्या फळीवर आहे. आणि मेसमधल्या काकांचे फोटो काढलेस तर एक प्रत त्यांना नेऊन दे.