स्तनाच्या कर्करोगाचे मूळ शोधणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

कर्करोग म्हणजे नशिबाचा भोग, असे मानले जाण्याच्या काळात त्याच्या कारणांचा प्रयोगशाळेत पाठपुरावा करणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांचे नाव भारतीय संशोधनात आदराने घेतले जाते. जळगाव-धुळ्यातील अनेक कुटुंबे उपचारांसाठी मुंबईत परळचे टाटा रुग्णालय गाठतात. त्याच परळमध्ये कमलताईंचे कार्य घडले.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यातील समर्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. कमलताईंनी मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राची वाट धरली. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळविली.

पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र शिकल्या. परदेशात न रमता त्या परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली.

उंदरांच्या काही वाणांत स्तनाची गाठ निर्माण करणारा विषाणू मातेच्या दुधातून पिलांकडे जातो, हे १९३६ मध्ये अमेरिकेत आढळले होते. मात्र केवळ विषाणूने रोगाचा उलगडा होत नव्हता. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध डॉ. रणदिवे यांनी तपासला. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तथापि स्तनाच्या काही कर्करोगांमागे आनुवंशिक दोष असतो, हे १९९० च्या दशकात जनुकांच्या शोधाने सिद्ध झाले.

कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळालेला जिवाणू प्रयोगशाळेत वाढविल्याचे संशोधन त्यांनी १९५८ मध्ये सहकाऱ्यांसह मांडले. त्याच जिवाणूपासून पुढे प्रतिकारशक्ती जागविणारी लस तयार झाली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचे संचालकपद सांभाळले. १९७३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. १९८२ मध्ये त्यांना 'पद्मभूषण'ने गौरविण्यात आले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आई किंवा बहिणीला झालेल्या आजाराची नोंद आज डॉक्टर आवर्जून घेतात. घरात लपविली जाणारी ती माहिती वेळेवर सांगितली गेली, तर एखादीचा जीव वाचू शकतो. कमलताईंच्या संशोधनाचे मोल त्यातून उमगते.