मेंदूतील बेटाचे वर्णन करणारा वैद्य : योहान ख्रिस्तियान राइल

कुर्ला साष्टी बेटावर आणि शीव मुंबई बेटावर, मध्ये खाडी. गव्हर्नर जोनाथन डंकन (१७९५ ते १८११) यांच्या कारकिर्दीत तेथे बांध घातला गेला व ही दोन बेटे जोडली गेली. नेमक्या त्याच काळात जर्मनीतील एक वैद्य मानवी मेंदूत दडलेल्या बेटाचा अभ्यास करीत होते. त्यांच्या जीवनाचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

योहान ख्रिस्तियान राइल यांचा जन्म २० फेब्रुवारी १७५९ रोजी वायव्य जर्मनीतील एका खेड्यात झाला. वडील लुथरन पंथाचे पाळक होते. १७८२ साली राइल यांनी हाले येथे वैद्यकीय पदवी मिळवली. काही वर्षे आपल्या प्रांतात वैद्यकी केल्यावर ते १७८७ मध्ये हाले विद्यापीठात अध्यापक झाले. १७८९ पासून ते त्या शहराचे नगरवैद्यही होते.

ताजा मेंदू अतिशय मऊ असतो. राइल यांनी तो मद्यार्कात ठेवून घट्ट केला आणि त्याचे थर अलग करून पाहिले. मेंदूच्या बाजूस एक खोल फट असते. तिचे काठ दूर सारले की आत त्रिकोणी उंचवटा दिसतो. त्याच्या सभोवती खाच असते, म्हणून ते बेट. मधल्या तिरप्या खाचेने त्याचे दोन भाग होतात. पुढील भागात साधारणतः तीन आखूड वळ्या असतात, मागील भागात दोन लांब; मात्र ही संख्या माणसागणिक थोडी बदलते. १८०९ साली राइल यांनी याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. चव, वेदना, हृदयाची धडधड यांची जाणीव होण्यात या भागाचा वाटा असतो, हे पुढील पिढ्यांना उमगले.

मनोरुग्णांना त्या काळी गुन्हेगारांप्रमाणे कोंडून ठेवीत. त्यांच्यावर उपचार व्हावेत, असा आग्रह राइल यांनी १८०३ च्या ग्रंथात धरला. त्यांनी सुचविलेले काही उपाय आज कठोर वाटतात. परंतु हे लोक रुग्ण आहेत, ही त्यांची भूमिका मोलाची होती. मनोविकारशास्त्राचे आज जगभर रूढ असलेले ‘सायकिअॅट्री’ हे नाव त्यांच्याच १८०८ मधील शब्दावरून आले.

१८१० साली ते बर्लिनच्या नव्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. ऑक्टोबर १८१३ मध्ये लाइपझिग येथे नेपोलियनविरुद्ध घनघोर लढाई झाली. हजारो जखमी सैनिक उपचारांवाचून पडून होते. लष्करी रुग्णालयांची जबाबदारी राइल यांच्याकडे आली. सैनिकांची दुर्दशा त्यांनी वरिष्ठांना निर्भीडपणे कळविली आणि स्वतः सेवेत राहिले. तेथे पसरलेल्या टायफस तापाने त्यांना गाठले. २२ नोव्हेंबर १८१३ रोजी हाले येथे, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या कुटुंबांतील अनेक मुलेमुली आज वैद्यकाचे व परिचर्येचे शिक्षण घेत आहेत. पुस्तकात ‘राइलचे बेट’ हे नाव त्यांना भेटेल, तेव्हा त्यामागील हे सेवाभावी जीवन त्यांनी जरूर आठवावे, असे आम्हास वाटते.