जॉन बॉइड डन्लप

मोटारीची डिकी उघडून तळाची चटई उचलली, की बहुधा तेथे एक जादा चाक पडलेले दिसते; काही गाड्यांत ते मागील बाजूस गाडीच्या पोटाखाली टांगलेले असते. यालाच आपण स्टेपनी म्हणतो. हे चाक बाळगण्याची पाळी ज्यांच्या शोधामुळे आपणांवर आली, त्या डन्लपसाहेबांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

डन्लप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडातील ड्रेगहॉर्न या गावी झाला. एडिंबरो येथे गुरांच्या वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १८६७ मध्ये आयर्लंडात गेले व पुढे बेलफास्ट शहरी त्यांनी आपला व्यवसाय चांगला भरभराटीस आणिला. यंत्रविद्येशी त्यांचा तसा काहीच संबंध नव्हता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८८७ साली त्यांचा मुलगा जॉनी याच्याजवळ एक तीनचाकी सायकल होती. त्या काळच्या चाकांस भरीव रबराची धाव असे. त्यामुळे फरसबंदी रस्त्यावर बिचाऱ्यास फार हादरे बसत. डन्लप यांनी पातळ रबराची एक नळी करून ती लाकडी चकतीभोवती बसविली, वरून कापड घट्ट आवळले आणि फुटबॉलच्या पंपाने तीत हवा भरली. मग सायकलचे जुने चाक व ही चकती त्यांनी अंगणात आळीपाळीने घरंगळत सोडली. जुने चाक अर्ध्या वाटेत आडवे झाले. चकती मात्र पार पलीकडे जाऊन फाटकाच्या खांबावर आदळली! केवळ हादरे कमी करावे या हेतूने केलेली वस्तू वेगही वाढविते, हे त्या अंगणात दिसून आले. पुढे १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या शर्यतीत विल्यम ह्यूम नामक स्वार याच चाकांवर जिंकला, व त्याच वर्षी डब्लिन येथे कंपनी उभी राहिली.

परंतु सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. डन्लप यांस १८८८ मध्ये मिळालेले पेटंट लवकरच निरर्थक ठरले. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते! तेव्हा सायकली वा मोटारी नसल्यामुळे जग ते विसरून गेले होते, आणि डन्लप यांस तर त्याची वार्ताही नव्हती. आमच्या मते दोघेही खरे संशोधक होत. मात्र कायदा तारीख पाहतो. डन्लप १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढील वर्षी तीच कंपनी तीस लक्ष पौंडांस विकली गेली. शोधकर्त्याच्या पदरी त्या मानाने फारच थोडे पडले.

हवेच्या चाकाबरोबर पंक्चरही आले. डन्लप यांचा टायर चाकास चिकटविलेला असे. तो सोडवून, ठिगळ लावून पुन्हा चिकटविण्यास तासन् तास लागत. फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये सहज काढता येणारा टायर केला. तरी मोटारीचे चाक आसापासून निघत नसे, म्हणून रस्त्यातच बसून ठिगळ लावणे भाग पडे. १९०४ साली वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरील डेव्हिस बंधूंनी आरे नसलेले, हवा भरलेले एक कडे तयार केले. ते फुटक्या चाकाच्या बाजूस पकडींनी आवळले, की गाडी चालू लागे. त्या रस्त्याचे नाव आज आपल्या मराठीत नांदत आहे.

आता चाक सबंध बदलता येते. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा. नट आधी किंचित सैल करावे व मगच जॅक लावावा, नाहीतर चाक हवेत गरगर फिरते. नट आवळताना समोरासमोरचे घ्यावे. स्टेपनी वापरात नसली तरी तिची हवा रबरातून हळूहळू निघून जाते. म्हणून इतर चार चाकांबरोबर महिन्यातून एकदा तिचीही हवा पाहावी. नेमकी हीच गोष्ट बहुतेक वडीलमंडळी विसरतात, असा आमचा अनुभव आहे!

डन्लप यांनी उतारवयात डब्लिन येथे कापडाचा व्यापार केला. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी त्याच शहरी त्यांचे देहावसान झाले. टायरावर त्यांचे नाव मात्र कायम राहिले.