एकाने एकास शिकवावे : डॉ. फ्रँक लाउबाक

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका खेड्यातल्या भिंती घोषवाक्यांनी रंगवल्या. माझ्या वाट्याला चावडीची भिंत आली होती. तिच्यावर मी मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिले, एकाने एकास शिकवावे. रंगाचा डबा खाली ठेवून मी जरा मागे सरले, तोच पाण्याला निघालेली एक म्हातारी थांबली आणि भिंतीवर काय लिहिले आहे म्हणून तिने मला विचारले. मी वाचून दाखवले. ती मान हलवून निघून गेली. ज्यांच्यासाठी मी ते वाक्य लिहिले होते, त्यांनाच ते वाचता येत नव्हते! त्या रात्री आमच्या सरांना मी विचारले, की हे वाक्य मुळात कुठून आले? सरांनी एक नाव सांगितले आणि ग्रंथालयात शोधायला लावले. ते नाव म्हणजे डॉ. फ्रँक लाउबाक. फिलिपाइन्समधील एका सरोवराकाठी हे वाक्य त्यांना गवसले आणि त्यांच्यामुळेच ते जगभर पोचले. ज्याने ते त्यांना दिले तो मात्र एक मुसलमान सरदार होता. ती हकिगत सांगण्यासाठीच हा लेख.

फ्रँक चार्ल्स लाउबाक यांचा जन्म २ सप्टेंबर १८८४ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बेंटन या लहानशा गावी झाला. १९०९ साली ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९१५ साली कोलंबिया विद्यापीठातून समाजशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता बेघर, बेकार भटक्या माणसांचा. एवढे शिक्षण झालेल्या तरुणाला अमेरिकेत सुखाची नोकरी सहज मिळाली असती. परंतु त्याच वर्षी पत्नी एफा यांच्यासह त्यांनी बोट पकडली आणि मिशनरी म्हणून ते फिलिपाइन्सला गेले.

त्यांना पाठविणारी संस्था महाराष्ट्राला अपरिचित नाही. ‘अमेरिकन बोर्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच संस्थेचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले होते आणि १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे त्यांचे मोठे केंद्र झाले. रेव्हरंड ना. वा. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत, ते याच संस्थेचे. म्हणजे नगरच्या मिशनशाळा आणि लाउबाक यांची सरोवराकाठची शाळा या एकाच झाडाच्या दोन फांद्या होत.

फिलिपाइन्स हा हजारो बेटांचा देश. तीनशेहून अधिक वर्षे त्यावर स्पेनचे राज्य होते आणि १८९८ साली तो अमेरिकेच्या ताब्यात गेला. बहुसंख्य लोक स्पॅनिश अमदानीतच ख्रिस्ती झाले होते. परंतु दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरचे मुसलमान, ज्यांना मोरो म्हणतात, ते स्पेनपुढे कधीच पुरते वाकले नाहीत. त्यांच्यापैकी लानाओ सरोवराच्या आसपास राहणारे ते मारानाओ. या शब्दाचा अर्थच सरोवराची माणसे असा आहे. अमेरिकन फौजेने १९०२ साली याच सरोवराकाठी बायांगचा कोट तोफा लावून घेतला आणि शेकडो माणसे मारली. ज्यांचे बाप आणि भाऊ तिथे पडले, त्यांच्या मनात गोऱ्या माणसाविषयी काय असेल, हे सांगायला नको.

लाउबाक यांना पहिल्यापासून याच लोकांत जायचे होते. परंतु तो मुलूख धोक्याचा म्हणून त्यांना तिकडे जाऊ देण्यात आले नाही. म्हणून मिंदानाओच्या उत्तर किनाऱ्यावरील कागायान येथे त्यांनी काम सुरू केले आणि १९२२ मध्ये ते मनिलाला गेले. तेथे त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यालयात शिकवले, ग्रंथ लिहिले. फिलिपाइन्सचा राष्ट्रवीर होसे रिझाल, ज्याला स्पेनच्या सरकारने १८९६ मध्ये गोळ्या घालून मारले, त्याचेही चरित्र पुढे त्यांनी लिहिले. मनिलाच्या दिवसांतली एक गोष्ट त्यांच्या चरित्रात हमखास सांगतात. विद्यालयाच्या प्रमुखपदासाठी निवडणूक झाली तेव्हा सभ्यपणा म्हणून त्यांनी आपले मत प्रतिस्पर्ध्याला दिले आणि नेमके त्या एका मताने ते हरले. हा पराभव त्यांना फार लागला. मोठमोठे धर्मग्रंथ शिकवणारा हा माणूस एका खुर्चीसाठी महिनोन् महिने मनात कुढत राहिला. थोरांच्या चरित्रात असे प्रसंग पुष्कळदा गाळले जातात, पण मला तो वाचून बरे वाटले. तेही आपल्यासारखेच होते!

१९२९ च्या अखेरीस, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लाउबाक अखेर लानाओ सरोवराकाठच्या दान्सालान गावी पोचले. पत्नी आणि मुलगा दूर बागियोला राहिले होते. गावात त्यांच्याशी कुणी धड बोलेना. संध्याकाळ झाली की ते आपल्या टिप नावाच्या कुत्र्याला घेऊन गावामागच्या सिग्नल हिल नावाच्या टेकडीवर जाऊन बसत आणि प्रार्थना करीत. अशाच एका संध्याकाळी त्यांना आपल्या अपयशाचे कारण उमगले. आपण गोरे आहोत, शिकलेले आहोत, म्हणून या लोकांहून श्रेष्ठ आहोत, असे आपल्या मनाने धरून ठेवले आहे आणि लोकांना ते आपल्या डोळ्यांत दिसते आहे, हे त्यांनी स्वतःशी कबूल केले. त्या काळात वडिलांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी मनाची ही सारी धडपड उघड केली आहे. ती पत्रे पुढे पुस्तकरूपाने निघाली आणि आजही वाचली जातात.

टेकडीवरून उतरल्यावर त्यांनी जे केले ते एखाद्या धर्मप्रचारकाकडून कुणी अपेक्षिले नसते. गावातल्या मौलवींना, ज्यांना तेथे पंडिता म्हणतात, त्यांनी विनंती केली, की मला कुराण शिकवा. पंडिता हा शब्द मूळ आपल्याच पंडितावरून गेलेला! दुसऱ्या दिवशी या गोऱ्या माणसाला मुसलमान करण्याच्या उमेदीने बरेच पंडिता आपापले कुराण घेऊन त्यांच्या झोपडीवर आले. लाउबाक विद्यार्थी होऊन त्यांच्यापुढे बसले. त्या दिवसापासून गावाचे दार त्यांना उघडले.

मग त्यांनी मारानाओ भाषा शिकायला घेतली. या भाषेत लिहिता येणारे थोडे होते, तेही अरबी लिपीत. परंतु भाषा मोठी श्रीमंत होती. ‘दारांगेन’ नावाचे त्यांचे महाकाव्य पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत गायिले जात होते. २००५ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या मौखिक वारशाचा मान दिला. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची आठवण व्हावी असाच हा ठेवा. लाउबाक यांनी त्यातला काही भाग लिहून काढला, म्हणजे अडाणी म्हटल्या जाणाऱ्या लोकांपाशी केवढे धन आहे ते आधी समजून घेतले. दोनातो गालिया या फिलिपिनो शिक्षकाच्या साहाय्याने त्यांनी मारानाओ भाषा रोमन लिपीत बसवली. भाषेतली सर्व व्यंजने ज्यांत येतात असे तीनच शब्द त्यांनी शोधून काढले. एक शब्द गावाच्या नावाचा, एक कागदासाठीचा, एक शिकण्यासाठीचा. हे तीन शब्द ओळखता आले, की त्यांचे तुकडे जोडून माणूस नवे शब्द वाचू लागे. जुना छापखाना आला, ‘लानाओ प्रोग्रेस’ नावाचे पत्र निघाले आणि आयुष्यात पहिल्यांदा मारानाओ माणसांनी आपल्या तोंडची भाषा छापलेली पाहिली.

त्यांच्या शिकविण्याचे नियम साधेच होते, पण मला ते फार मोलाचे वाटतात. प्रौढ विद्यार्थ्याच्या समोर उभे राहायचे नाही, त्याच्या शेजारी बसायचे. त्याला जे येत नाही ते विचारायचे नाही. चुकला तर रागवायचे नाही, बरोबर आले की लगेच शाबासकी द्यायची. मोठ्या माणसाला शिकताना लाज वाटते आणि त्या लाजेनेच तो उठून जातो, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे जागतिक मंदी आली. अमेरिकेतून येणारा पैसा आटला. शिक्षकांना पगार देणे अशक्य झाले आणि काम बंद करण्याची पाळी आली. लाउबाक यांनी ही वाईट बातमी सरदारांच्या कानी घातली. त्यांत काकाई दागालांगित नावाचा एक दांडगा सरदार होता. तो उसळून म्हणाला, की हे काम थांबता कामा नये. ज्याला वाचता येते त्याने दुसऱ्याला शिकवलेच पाहिजे, जो शिकवणार नाही त्याला मी जिवे मारीन! कुणाला मारायची वेळ आली नाही. सगळे शिकवू लागले. पगारी शिक्षकांऐवजी शिकलेला प्रत्येक जण शिक्षक झाला आणि पैशाअभावी मरू घातलेली मोहीम उलट अधिकच वेगाने पसरली. एकाने एकास शिकवावे, हे सूत्र असे टंचाईतून जन्मास आले.

१९३५ पासून लाउबाक हे सूत्र घेऊन जगभर फिरले. भारतात ते वारंवार आले, येथील भाषांसाठी तक्ते तयार करण्यात त्यांनी भाग घेतला, महात्मा गांधींची भेट घेतली. गांधीजींचे मत होते, की अक्षरओळख म्हणजे काही शिक्षण नव्हे. ते त्यांनी १९३७ साली ‘हरिजन’मध्ये स्पष्ट लिहिलेही आहे. तरीही लाउबाक यांचा भारतावरचा विश्वास कमी झाला नाही. भारत साक्षर होईल, अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये निघाले. शंभरावर देशांत आणि तीनशेवर भाषांत त्यांच्या पद्धतीचे पाठ तयार झाले असे सांगतात. १९५५ मध्ये त्यांनी अमेरिकेत सिरॅक्यूज येथे साक्षरतेसाठी संस्था स्थापन केली. ११ जून १९७० रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. १९८४ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, अमेरिकेने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

ते धर्मप्रसारासाठी गेले होते, हे विसरून चालणार नाही. अखेरपर्यंत ते श्रद्धाळू ख्रिस्ती राहिले आणि आपली श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही. राज्यकर्त्यांच्या देशातून आलेल्या माणसाच्या सेवेकडे शंकेने पाहण्याचा अधिकार त्या लोकांना होताच. मारानाओ मुसलमान होते आणि मुसलमानच राहिले. पण ते वाचू लागले, आणि काय वाचायचे हे ज्याचे त्याने ठरवले. दान्सालानचे नाव १९५६ साली मारावी झाले. त्याच्या आधी, १९५० मध्ये, लाउबाक यांच्या कामाचा वारसा चालविणारे दान्सालान कॉलेज तेथे उभे राहिले होते. ख्रिस्ती मंडळींनी चालविलेले आणि मुसलमान मुलामुलींनी भरलेले ते कॉलेज २०१७ च्या मे महिन्यात मारावीच्या लढाईत अतिरेक्यांनी जाळले. ते वाचताना मी आपल्या ग्रंथालयातच बसले होते. भोवतालच्या कपाटांकडे मी कितीतरी वेळ पाहत राहिले.

आता थोडे घरचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी आई शेतमजुरी करते. रेशनच्या दुकानात हल्ली यंत्रावर सगळ्यांनाच अंगठा टेकवावा लागतो, त्यामुळे तिथे तिचे अंगठाबहाद्दर असणे कुणाला कळत नाही. पण एस.टी.ची पाटी तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. बारावीनंतरच्या सुट्टीत मी तिला शिकवायला बसले होते. पाटी तिच्या हातात देऊन मी समोर उभी राहिले, चुकली तेव्हा चिडले. चौथ्या दिवशी तिने कामाचे निमित्त सांगितले आणि पाटी फळीवर गेली. आईला शिकायचेच नाही, असे मी मैत्रिणींना सांगत असे. लाउबाक यांचे चरित्र वाचल्यावर माझ्या ध्यानात आले, की त्या टेकडीवर त्यांना जे दिसले ते मला माझ्याच घरात दिसायला हवे होते.

या दिवाळीत मी पाटी पुन्हा काढली. या वेळी चुलीपाशी तिच्या शेजारी बसले. आधी तिच्याकडून जात्यावरची एक ओवी शिकून घेतली. ती मला नीट म्हणता येईना तेव्हा ती हसली आणि न रागवता तिने मला ती पुन्हा पुन्हा सांगितली. मग त्याच ओवीतला एक शब्द आम्ही पाटीवर लिहिला. सुट्टी संपेपर्यंत तिला अकरा अक्षरे आली. स्वतःचे नाव अजून पुरते येत नाही, शेवटचा जोडाक्षराचा घोळ राहिला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तेवढे करायचे आहे.