बूट दुरुस्त करून घर चालवणाऱ्या माणसानं हिरोच्या पिशवीत दोर आणि मशाली भरल्या

स्ट्रेंजर थिंग्ज पाहिली असेल, तर तळघरात फासे टाकत बसलेली ती चार पोरं आठवत असतील. ती खेळत होती डन्जन्स अँड ड्रॅगन्स. या खेळात एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात.

खेळायला बसल्यावर आपल्याला वाटतं, आधी तलवार ठरवायची. पण खरी मजा दुसऱ्याच प्रश्नात आहे. तुमच्या पात्राच्या पिशवीत काय काय आहे? हा प्रश्न ज्याच्या हातून नियमांच्या पुस्तकात उतरला, तो माणूस म्हणजे गॅरी गायगॅक्स.

गॅरीचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोमधला. पुढं घरचे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनेव्हा या छोट्या गावात राहायला गेले. शाळा अर्धवट सुटली. मोठा झाल्यावर गॅरी विमा कंपनीत नोकरीला लागला, पण सगळा जीव युद्धाच्या खेळांत. १९६८ मध्ये त्यानं गावातला एक हॉल भाड्यानं घेऊन अशा खेळाडूंचा मेळावा भरवला. तोच आजचा प्रसिद्ध जेन कॉन.

१९७० मध्ये त्याची नोकरी गेली. घरात बायको आणि पाच लेकरं. मग गडी बूट दुरुस्त करायला लागला. दिवसा बूट आणि उरलेल्या वेळात खेळाचे नियम, असं चालू झालं.

१९७२ च्या शेवटी मिनेसोटाचा डेव्ह आर्नेसन त्याच्याकडं आला. त्याच्या खेळात प्रत्येक जण अख्खं सैन्य नाही, तर एकच पात्र चालवायचा. गॅरीला ते इतकं आवडलं की दोघांनी मिळून नियम तयार केले.

हे छापणार कोण? १९७३ मध्ये गॅरी आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी प्रत्येकी १ हजार डॉलर घालून टीएसआर ही कंपनी काढली. तेवढ्यात भागेना, तेव्हा ब्रायन ब्लूमनं २ हजार घातले. जानेवारी १९७४ मध्ये १ हजार प्रती निघाल्या. किंमत १० डॉलर. खोके घरीच भरले जायचे. वर्षभराच्या आत सगळा माल संपला.

त्या पुस्तकात एक साधी यादी होती. पात्राला सुरुवातीला सोन्याची नाणी किती मिळणार, ते तीन फासे टाकून ठरायचं. फाशांच्या बेरजेची दहापट. म्हणजे कमीत कमी ३० आणि जास्तीत जास्त १८०. तलवार १० नाण्यांना, चांगलं चिलखत ५० ला. पण ५० फूट दोर एका नाण्याला, सहा मशालीही एका नाण्याला आणि दहा फुटी काठीही एकालाच. ती काठी तर पुढं खेळाडूंमध्ये अजरामर झाली. फरशीखाली सापळा आहे का, हे पाय न टाकता बघता येतं ना.

पैसे मोजूनच मिळणार आणि ओझं पेलेल तेवढंच न्यायचं. त्यामुळं ताकदीपेक्षा डोकं चालवावं लागतं. महिन्याचा हिशोब घालणाऱ्या कुठल्याही घराला हे गणित ओळखीचं आहे.

पुढं पैसा आला, तशी भांडणंही आली. डॉन के १९७५ मध्येच वारला. श्रेय आणि मानधनावरून आर्नेसन कोर्टात गेला, १९८१ मध्ये तडजोड झाली. हा खेळ पोरांना सैतानाच्या नादी लावतो, अशी आवई अमेरिकेत उठली. १९८५ मध्ये गॅरीच्या हातून कंपनीचा ताबा गेला. स्वतः उभं केलेलं घर सोडून तो बाहेर पडला, पण लिहीत आणि खेळत राहिला. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनेव्हातच तो गेला.

त्याची यादी मात्र कुणालाही आपल्या मुलखाप्रमाणं बदलता येते. समजा डोंबिवलीत तुमचा ग्रुप जमलाय आणि गोष्ट मलंगगडावर घडतेय. मग पिशवीत घोंगडी, काथ्याचा दोर, कंदील, कोयता, फडक्यात बांधलेली भाकरी टाका. प्रत्येक वस्तूसाठी चार गोष्टी लिहा: किंमत, वजन, उपयोग आणि ती कधी संपते. कंदिलातलं तेल किती वेळ पुरेल, हे आधीच ठरवा. गडाच्या निम्म्यावर तो विझला की गोष्टीला खरा रंग चढेल.