जिमी हॉफा: चार लाख ट्रक ड्रायव्हरना एका करारात बांधणारा आणि एका दुपारी गायब झालेला युनियन नेता

'द आयरिशमन' सिनेमात अल पचिनोने केलेला जिमी हॉफा अनेकांनी पाहिला असेल. त्यामुळे हॉफा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो माफिया आणि कधीच न सापडलेला मृतदेह. पण अमेरिकेतल्या जुन्या ट्रक ड्रायव्हरांच्या घरी हे नाव निघायचं ते पगाराच्या संदर्भात. एकाच हायवेवर तसाच ट्रक चालवणाऱ्या दोघांपैकी एकाला पेन्शन आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं का होतं? याचं उत्तर बरंचसं हॉफाच्या आयुष्यात आहे.

हॉफाचा जन्म १९१३ चा, इंडियाना राज्यातल्या ब्राझील नावाच्या गावातला. वडील कोळसा खाणीत. ते १९२० मध्ये वारले तेव्हा जिमी सात वर्षांचा होता. आई मुलांना घेऊन डेट्रॉईटला आली आणि जिमीने चौदाव्या वर्षी शाळा सोडली.

पुढे तो क्रोगर या किराणा कंपनीच्या गोदामात हमालीला लागला. पगार तासाला ३२ सेंट, तोही प्रत्यक्ष माल उतरवला तेवढ्याच वेळाचा. पाळी १२ तासांची, गाडी येईपर्यंत फुकट बसून राहायचं. वर मुकादमाची शिवीगाळ. १९३१ मध्ये एका रात्री ताज्या स्ट्रॉबेरीचा माल आला आणि पोरांनी काम थांबवलं. मंदीचे दिवस होते, गेटाबाहेर बेकारांची रांग होती, पण स्ट्रॉबेरी काही थांबणार नव्हत्या. कंपनी बोलणीला आली आणि वर्षभराचा करार झाला. संप कधी करायचा हे मालाकडे बघून ठरवावं, हा धडा हॉफा तिथे शिकला.

त्यानंतर तो टीमस्टर्स युनियनचा संघटक झाला. टीमस्टर म्हणजे मुळात घोड्यांची जोडी हाकणारा गाडीवान. युनियनच्या चिन्हात आजही घोड्यांची डोकी आहेत. रात्री रस्त्याकडेला केबिनमध्ये झोपलेल्या ड्रायव्हरांना उठवून सभासद करायचं, हे त्याचं काम. त्यात मार खाल्ला, अटकाही झाल्या.

खरी युक्ती मात्र त्याने मिनियापोलिसच्या फॅरेल डॉब्सकडून उचलली. डॉब्स ट्रॉट्स्कीवादी, हॉफाला त्या विचारांशी देणंघेणं नव्हतं. डॉब्सचं गणित असं: लांब पल्ल्याचा ट्रक कुठून ना कुठून मोठ्या शहरात येतोच. तिथला गोदाम कामगार युनियनचा असेल आणि त्याने बिगर-युनियन ट्रकच्या मालाला हात लावायला नकार दिला, तर शेकडो मैल दूरच्या मालकालाही सही करावी लागते. एक शहर हातात आलं की त्याच्या जोरावर पुढचं. शेजारी स्वस्तात राबणारा ड्रायव्हर असेल तोवर आपला पगार टिकत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. १९४१ मध्ये युनियनच्या वरिष्ठांनी डॉब्सच्या साथीदारांना हुसकवायचं ठरवलं, तेव्हा ते काम करायला मिनियापोलिसला गेला तो हॉफाच.

१९५७ मध्ये तो अध्यक्ष झाला. त्याच वर्षी सिनेटच्या चौकशीत रॉबर्ट केनेडी त्याच्या मागे लागले आणि गुन्हेगारांशी असलेल्या संबंधांवरून टीमस्टर्सना कामगार महासंघातून काढण्यात आलं. सभासदांना त्याचं फारसं वाटलं नाही. जानेवारी १९६४ मध्ये हॉफाने देशव्यापी मालवाहतूक करार केला. चार लाखांवर ड्रायव्हर आणि गोदाम कामगार एकाच करारात आले. मोठ्या मालकांचाही त्याला फार विरोध नव्हता, कारण प्रतिस्पर्ध्यालाही तोच पगार द्यावा लागणार होता. शिवाय १९३५ च्या कायद्याने मार्गांचे परवाने आणि दर सरकारी देखरेखीखाली होते. पगार वाढला की दर वाढवून घेता येत होता.

आता याची दुसरी बाजू. एखाद्या ड्रायव्हरला कामावरून काढलं तर त्याची तक्रार निम्मे युनियनचे आणि निम्मे मालकांचे प्रतिनिधी असलेल्या समितीपुढे जायची. तटस्थ लवाद नाही. त्यामुळे युनियनमध्ये हॉफाच्या विरोधात गेलेल्याची तक्रार अडकू शकत होती आणि आपल्या माणसाची सुटू शकत होती. मालकापासून वाचवणारी युनियन नेत्यापासून वाचवेलच असं नव्हतं. पेन्शन फंडाचंही तसंच. १९५५ मध्ये उभा राहिलेला हा फंड ड्रायव्हरांच्या म्हातारपणासाठी होता, पण त्यातून लास वेगासच्या कॅसिनोंना कर्जं गेली.

१९६४ मध्येच ज्युरीवर दबाव आणल्याबद्दल आणि फंडातल्या फसवणुकीबद्दल त्याला एकूण १३ वर्षांची शिक्षा झाली. १९६७ मध्ये तो तुरुंगात गेला. १९७१ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षा कमी करून त्याला सोडलं, पण मार्च १९८० पर्यंत युनियनच्या कारभारापासून लांब राहण्याच्या अटीवर. ही अट त्याच्या जागी बसलेल्या फ्रँक फिट्झसिमन्स यांच्या सोयीची होती. पुढच्याच वर्षी टीमस्टर्सनी निवडणुकीत निक्सन यांना पाठिंबा दिला.

हॉफा गप्प बसला नाही. खुर्ची परत मिळवण्याच्या खटपटीत असतानाच ३० जुलै १९७५ ला डेट्रॉईटजवळच्या एका रेस्टॉरंटबाहेर तो शेवटचा दिसला. माफियाशी जोडलेल्या दोघांना तो भेटणार होता. १९८२ मध्ये कायद्याने त्याला मृत ठरवलं गेलं. आरोपपत्र कुणावरच नाही.

ज्या मार्चमध्ये त्याची बंदी संपणार होती, त्यानंतर चारच महिन्यांनी, जुलै १९८० मध्ये, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ट्रक वाहतूक खुली करणाऱ्या कायद्यावर सही केली. परवान्यांची आणि दरांची भिंत पडली. हजारो नव्या कंपन्या आल्या, बहुतेक बिगर-युनियन. ग्राहकांना वाहतूक स्वस्त मिळाली आणि ड्रायव्हरचे पगार घसरले. जुन्या युनियन कंपन्या एकेक करून बंद पडल्या. २०२३ मध्ये 'यलो' बंद झाली तेव्हा टीमस्टर्सच्या सुमारे २२,००० सभासदांच्या नोकऱ्या गेल्या. हॉफाचा मुलगा १९९९ ते २०२२ याच युनियनचा अध्यक्ष होता. वडिलांचा तो देशव्यापी करार आजही चालू आहे, पण त्यातल्या कंपन्या आता हाताच्या बोटांवर मोजता येतात.